सातही खणांत एकच गोळी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे, गोळ्या ठेवायची. सात वारांचे सात खण. शनिवारचं झाकण जरा नाठाळ आहे, ते जन्मापासूनच.

साच्यातून निघाले ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आले. चाळिशीच्या आतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजव्या हातातली ताकद कमी झाली, तेवढ्यावर निभावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरातल्याच अँटिबॉडीज उलटल्या आहेत, त्यांच्यामुळे रक्तात गुठळ्या होतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची, आणि वरचेवर रक्त तपासून तिचं प्रमाण ठरवायचं.

बाईंचे यजमान बस कंडक्टर. दर रविवारी ते मला मांडीवर घेऊन बसत. कुठल्या खणात एक, कुठल्यात दीड. अर्धी गोळी ते बाईंच्या दोरे कापायच्या कात्रीने करत. बाई कुरकुरत, "धार जाते हो तिची." ते हसून पुन्हा तीच घेत.

पण सुया टोचून बाईंचे हात काळेनिळे झाले. यजमानांचा जीव तुटे. दीर औषधाच्या दुकानात होते. ते म्हणाले, "वहिनी, नवी गोळी निघालीय. रक्त तपासायची भानगडच नाही. कितीतरी जण घेतात."

घेतात, पण त्यांचे आजार वेगळे. या अँटिबॉडीजपुढे ती गोळी कमी पडते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असतं. त्या रागावतील म्हणून कुणी विचारलंच नाही.

सातही खणांत सारखी गोळी! बाईंनी माझं कौतुक केलं, किती सुटसुटीत झालं म्हणाल्या. मीही फुशारले.

एका सकाळी त्यांच्या हातून गोळी निसटली. उचलायला वाकल्या त्या तशाच खाली बसल्या. यजमानांना हाक मारायला गेल्या, तर शब्द फुटेना.

आता जुनी गोळी परत आली आहे, तपासणीही. उजवी बाजू गेली ती गेलीच. शिलाई मशीनवर चादर पडली आहे. बाईंकडे एकच शब्द उरला आहे, "हो." पाणी हवं का, हो. दिवा घालवू का, हो. डॉक्टरीणबाईंनी फार आशा धरू नका म्हणून सांगितलं.

मित्रांनो, औषध बदलावंसं वाटलं तर आधी विचारा. डॉक्टरांचं रागावणं सोसता येतं. मी नुसती डबी, जे घालाल ते सांभाळते.

परवाच्या रविवारी यजमानांनी त्याच कात्रीने गोळी अर्धी केली. कुणी कुरकुरलं नाही. त्यांनी खाली बघतच विचारलं, "माझ्यावर राग आहे का गं?"

"हो," बाई म्हणाल्या.

दुसरा शब्द त्यांच्याकडे नाही, हे यजमानांना ठाऊक आहे. तरी ते कितीतरी वेळ माझं शनिवारचं झाकण दाबत बसले.