शेवटची भट्टी

हेडमास्तर मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की म्हातारी फिरली. मला तो तेव्हाही आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही.

आमचं धुलाईघर नगरपालिकेच्या जागेवर आहे. सहा दगडी टाक्या, दोन भट्ट्या, वाळत घालायचं अंगण आणि इस्त्रीची लांबलचक खोली. बावीस बायका काम करतात. चौथीत शाळा सुटली त्याच वर्षी मी टाकीपाशी उभी राहिले, त्याला एकोणपन्नास वर्षं झाली. इथे माझा शब्द चालतो. का चालतो, हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

आम्ही सगळ्या एकाच पक्षाच्या. आमच्या सासवाही त्याच पक्षाच्या होत्या, कारण ही जागा भांडून मिळवून दिली ती त्या पक्षाने. यंदा वॉर्डातून कुणाला उभं करायचं हे ठरवायला पक्षाची सभा झाली. एकीकडे माझी सून, दुसरीकडे निवृत्त हेडमास्तर. सुनेने पाच वर्षं वॉर्डातले नळ, दिवे, तुंबलेली गटारं यांच्यामागे चपला झिजवल्या होत्या. हेडमास्तरने काय झिजवलं होतं? खुर्ची. तो उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "धुणाऱ्यांनी धुवावं, कारभार शिकलेल्यांवर सोडावा. ज्याचं काम त्यानेच करावं."

लोक हसले. मग हात वर झाले आणि सून नऊ मतांनी पडली.

दुसऱ्या दिवशी टाकीवर कपड्यांपेक्षा हेडमास्तरच जास्त आपटला गेला. पहिल्या टाकीवरची थोराड बाई म्हणाली, "मावशी, मतदानाला आम्ही घराबाहेर पाऊल टाकणार नाही. बघू दे त्याला शिकलेल्यांची मतं किती पडतात ते."

"नका टाकू," मी म्हटलं.

झालं, ठरलं. मला वाटलं विषय संपला. पण माझ्याच घरात तो अजून संपायचा होता.

त्या आठवड्यात सून स्वयंपाक लवकर उरकून, पक्षाचे कागद पिशवीत घालून बाहेर पडायला लागली. हेडमास्तरसाठी घरोघर मतं मागत होती! मी जेवताना विचारलं, "ज्याने चारचौघांत तुझं हसं केलं, त्याच्यासाठी उंबरे झिजवतेस? लाज कुठे टांगलीस, दोरीवर?"

मुलगा ताटात बघून जेवत होता. दोन बायकांच्या भांडणात तो नेहमीच भाजीत काहीतरी शोधत असतो.

सून म्हणाली, "आई, समोर कंत्राटदार उभा आहे. त्याने धुलाईघर पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचं ठरवलंय. लपवतही नाही तो. हेडमास्तर कसाही असला तरी जागा राखीन म्हणून लिहून दिलंय त्याने. मी समोर बसून लिहून घेतलंय."

"कंत्राटदार तोंडाचा ढोल आहे. एकोणपन्नास वर्षांत असे किती आले न् गेले."

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा असेल तर करा," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. मला इतकं तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. भूक मेली, पण पानात टाकायचं नाही म्हणून संपवलं.

शुक्रवारी सकाळी पाट्या रंगवणारा पेंटर पक्षाचे साठ पट्टे घेऊन आला. प्रचाराला छातीवरून तिरके घालतात ते, पांढरे, निळ्या काठाचे. गेल्या निवडणुकीपासून ट्रंकेत पडून पिवळे झाले होते. "मावशी, रविवारी मोठी सभा आहे. हेडमास्तर म्हणाले, धुऊन खळ घालून द्या."

"हेडमास्तर म्हणाले का? मग टाका ते शेवटच्या भट्टीत, गॅरेजच्या कपड्यांबरोबर!"

आता हे समजायला हवं की आमच्याकडे दिवसात भट्टी तीनदा लागते आणि तिला क्रम असतो. पहिली पांढऱ्याची, मग रंगीताची, आणि शेवटची गॅरेजवाल्यांच्या तेलकट कपड्यांची. शेवटच्या भट्टीत पांढरं टाकणं म्हणजे दुधात शाई ओतणं. मी बोलले ते रागाने. पण धुलाईघरात मी बोलले की तो हुकूम, आणि हुकूम रागाचा की शहाणपणाचा हे तपासायची सवय मीच कुणाला लागू दिलेली नाही. बोलून मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघून गेले.

दुपारी परत आले तर अंगणात साठ पट्टे वाळत होते. उंदराच्या रंगाचे. काहींवर तेलाचे काळे ओघळ.

पहिल्या टाकीवरची हसत पुढे आली. "मावशी, केलं बघा तुमच्या मनासारखं."

तिला काय बोलणार? मी सांगितलं तेच तिने केलं होतं. तेवढ्यात गॅरेजवाला आपले कपडे न्यायला आला, दोरीकडे बघून खो खो हसला आणि चौकात जाऊन सगळ्यांना सांगून आला.

तासाभरात कंत्राटदार दारात. स्वतः. पायांत चकचकीत बूट, बरोबर टेप घेतलेला एक माणूस.

"मावशी, मन जिंकलंत," तो म्हणाला. "तुमच्या बावीस जणी घरी बसल्या की झालं माझं काम. मला मत देऊ नका हो, माझा आग्रह नाही. फक्त बसा."

"आणि हा टेपवाला कशाला आलाय?"

"मोजून ठेवतो. निकालानंतर वेळ कशाला घालवायचा?"

त्या माणसाने टेपचं टोक माझ्या टाकीच्या कठड्याला अडकवलं. ज्या कठड्यावर माझ्या सासूने आणि मी कपडे आपटून आपटून खड्डा पाडलाय, त्याच खड्ड्यात. मग टेप ओढत ओढत तो भिंतीपर्यंत गेला आणि मोठ्याने म्हणाला, "इथे चार गाळे आरामात बसतील, साहेब."

कंत्राटदार माझ्याकडे वळला. "कोपऱ्यातला तुम्हाला देऊ. बसून खा आता."

"बसून खायला मी काय आजारी आहे?" मी म्हटलं. "टेप गुंडाळ बाबा. ओल्या फरशीवर बूट घसरतात, आणि आमच्याकडे पडलेल्याला उचलायची पद्धत नाही."

तो हसत गेला. हसत गेला, हेच मला लागलं. शिव्या देत गेला असता तर बरं वाटलं असतं.

मी पदर खोचला. "दोरीवरचं सगळं खाली काढा. परत धुवायचं."

बायका जागच्या हलेनात. इस्त्रीवरची बुटकी म्हणाली, "त्या हेडमास्तरसाठी? मावशी, तुमच्याच सुनेला बोलला तो."

"बोलला. विसरले नाही मी. पण आपला नियम काय? भांडण मालकाशी, कपड्याशी नाही. दारात आलेला कपडा कुणाचाही असो, जाताना स्वच्छ गेला पाहिजे. आज तो नियम मी मोडला, तुम्ही नाही. टेप कुठे लावला होता त्याने, पाहिलंत ना?"

"पाहिलं," पहिल्या टाकीवरची हळूच म्हणाली आणि दोरीकडे गेली.

तेलाचा डाग पाण्याला भीक घालत नाही. आधी रॉकेल चोळायचं, मग सोड्याच्या कढत पाण्यात उकळायचं, मग साबण, मग परत कढत पाणी. हाताची सालं निघतात. आम्ही दुसऱ्या चोळणीला लागलो तेव्हा सून आली. तिला चौकातच कळलं होतं. मला वाटलं आता ऐकवेल, आणि ऐकून घ्यायची मी तयारीही केली होती. तिने पिशवी खुंटीला लावली, बाह्या वर केल्या आणि शेजारी उभी राहिली.

पट्टा पिळताना मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. अजून वाटतं. त्याची पत्रकं वाटताना प्रत्येक दाराशी वाटतं."

"मग?"

"मग पुढचं दार." तिने पट्टा उजेडाकडे धरला. "आई, हा काही निघत नाही."

एकोणसाठ निघाले. साठावा नाही निघाला.

शनिवारी खळ घालून, इस्त्री करून मी गठ्ठा स्वतः हेडमास्तरच्या घरी नेला. त्याने एक पट्टा उचलून वास घेतला. "बाई, किंचित रॉकेलचा वास येतोय का?"

"येतोय. कारण सांगते, बसा." आणि सगळं सांगितलं, माझा हुकूम धरून. मग म्हटलं, "मास्तर, तुम्ही मला आवडत नाही. सभेत बोललात ते मी मरेपर्यंत लक्षात ठेवणार. पण आमच्या बावीस जणी मत देतील, आणि घरची माणसंही बरोबर आणतील. जागा राखायचं लिहून दिलंय ते फक्त विसरू नका."

त्याने चष्मा काढला. "त्या दिवशी मी जे बोललो, बाई—"

"ते मला नका सांगू. जिला बोललात तिला सांगा, आणि जिथे बोललात तिथे सांगा."

रविवारी सभेत त्याने सांगितलं. भाषण लांबवलंच, मास्तर तो शेवटी, पण सुनेचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगितलं. सून मान खाली घालून बसली होती. मी नव्हती घातली. माझ्या छातीवर साठावा पट्टा होता, खांद्यापासून कमरेपर्यंत काळा ओघळ असलेला. पेंटर म्हणाला, "मावशी, हा बदला, चांगला देतो."

"राहू दे. माझाच डाग आहे."

मंगळवारी आम्ही भट्टी पेटवून, दोघींना राखणीला ठेवून, पाळीपाळीने मत देऊन आलो. हेडमास्तर एकतीस मतांनी आला. फक्त एकतीस. बावीस बायका आणि त्यांच्या घरची माणसं, मोजा म्हणजे कळेल.

गुरुवारी तो आभार मानायला धुलाईघरात आला आणि घसा साफ करून उभा राहिला. मी म्हटलं, "मास्तर, पहिली भट्टी लागलीय, थोडक्यात आटपा. आणि आभार मानून झाले की सुनेकडे जा, तिने नळांची यादी करून ठेवलीय. वाचून सही करा."

तो तिच्यासमोर ओल्या बाकावर बसला आणि निमूटपणे यादी वाचायला लागला.