ग्लॅडिसने तलाव उपसला

मार्च लागला की ग्लॅडिस रेनफ्रोच्या जिभेला धार चढायची. एरवी ती फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यावर दुमजली मोटेल चालवणारी, पेन्शनर जोडप्यांशी गुडघेदुखीवर बोलत बसणारी एक साधी विधवा. पण वसंताच्या सुट्टीत उत्तरेकडच्या कॉलेजांतली पोरं गाड्या भरभरून उतरली की तिच्यातला ठाणेदार जागा व्हायचा. चौघांच्या खोलीत अकरा जण, बाथटबात बर्फ आणि बिअरचे डबे. एकदा तर कुणीतरी कपाटात जिवंत पेलिकन पक्षी कोंडून ठेवला होता.

"तुमच्या आयांना फोन लावू? बघू देत की फिया कशावर चालल्यात!" ती अंगणातून ओरडायची. पोरं तिला 'वॉर्डन' म्हणत, तेही तोंडावर. तिला पोरांचा राग यायचा आणि पोरांना तिचा, आणि दोन्हीकडून कुणी तो लपवत नसे.

त्र्याऐंशी सालच्या मार्चात एक सिनेमा कंपनी आली. सुट्टीवर आलेल्या कॉलेजच्या पोरांचा विनोदी सिनेमा होता. त्यांना अंगण, पोहण्याचा तलाव आणि वरच्या मजल्याचा लांब कठडा दहा दिवसांसाठी हवा होता. मोटेलचं छप्पर गळत होतं, म्हणून ग्लॅडिसने सही केली. गर्दीसाठी म्हणून कंपनीने तिथल्याच पोरांना उभं केलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की सिनेमात एक खडूस मोटेलवालीही आहे. त्या नटीला निळ्या फुलांचा झगा दिला होता, अगदी ग्लॅडिसच्या झग्यासारखा. चष्मा तसाच गळ्यात लटकवलेला. "तुमच्या आयांना फोन लावू?" हे वाक्यही जसंच्या तसं. मग चार पोरांनी त्या बाईला उचलून तलावात फेकायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या. दिग्दर्शकाने ते सात वेळा करून घेतलं. सातही वेळा टाळ्या खऱ्या वाजल्या.

"ती तूच आहेस गं," शेजारी टॉवेलच्या घड्या घालणारी ओपल म्हणाली. ओपल ही तिची नणंद; मोटेलच्या खोल्या तीच सांभाळायची.

"मला डोळे आहेत."

"मग जाऊन बोल ना त्यांना!"

"बोलले तर तेही सिनेमात घालतील."

गुरुवारी सकाळी कंपनीचा मार्टी ऑफिसात आला. दिग्दर्शकाची सगळी धावपळ हाच करायचा. त्याने सहज सांगितलं की आज सूर्य कलला की नायक वरच्या कठड्यावरून तलावात उडी मारणार. नायकाच्या जागी उड्या मारणाऱ्या माणसाचा पाय मुरगळलाय, पण ओहायोचा एक पोरगा मिळालाय, ड्वाइट. पाठमोरा हुबेहूब नायकासारखा दिसतो. पडद्यावर नाव देतो म्हटल्यावर एका पायावर तयार झाला.

ग्लॅडिसचा हात रजिस्टरवर थांबला. "वरून कुणी उडी मारायची नाही. पाटी वाचता येत नाही तुला?"

"मॅडम, पाटी आम्ही कालच काढली. चित्रात येत होती."

"परत लाव."

"तलाव उद्यापर्यंत आमचा आहे," मार्टी हसत म्हणाला. "तुमची सही आहे."

तीन वर्षांपूर्वी इंडियानाच्या एका पोराने त्याच कठड्यावरून उडी मारली होती. पाण्यात पडला, पण उथळ बाजूला, मानेवर. त्याला बाहेर काढल्यावर अँब्युलन्स येईपर्यंत ग्लॅडिस त्याच्याजवळ फरशीवर बसून होती. "कुणीतरी माझा हात धरा ना," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि तिने तर त्याचा हात केव्हाचा घट्ट धरलेला होता. हे तिने मार्टीला सांगितलं. त्याने मान हलवली, वाईट झालं म्हणाला, आणि आपला पोरगा खोल बाजूलाच उडी मारेल असं आश्वासन दिलं.

तिने पोलिसांना फोन केला. किनाऱ्यावर दोन लाख पोरं आहेत आणि अजून तरी कुणी उडी मारलेली नाही, असं तिकडून उत्तर आलं.

मग तिने ड्वाइटला गाठलं. तो गाडीच्या टपावर बसून हॉट डॉग खात होता, आजूबाजूला दोस्तांचा घोळका. तिने त्यालाही सगळं सांगितलं.

"तो प्यायलेला असणार," ड्वाइट म्हणाला. "मी शाळेपासून पोहतोय."

"तोही शाळेपासूनच पोहत होता."

"वॉर्डन, खरं सांगा ना. त्यांनी सिनेमात तुम्हाला पाण्यात फेकलं, तेच झोंबलंय ना?"

दोस्त खिंकाळले. ग्लॅडिसचे कान तापले. झोंबलं होतंच. ती तशीच मागे वळली.

कंपनी दिवसभर समुद्रावर जाणार होती. गाड्या निघाल्या आणि तिने शेडमधून पाणी उपसायचा पंप ओढत आणला. ओपल धावत आली.

"वेड लागलंय का तुला? तलाव रिकामा करतात का इथे? जमिनीतलं पाणी खालून दाबतं! अख्खा तलाव वर उचलला जाईल, तडकेल!"

"माहितेय."

"छपरासाठी सही केलीस आणि आता तलाव घालवतेस? कुणासाठी? त्या उर्मट कार्ट्यासाठी? तो तुझ्यावर थुंकणारसुद्धा नाही!"

"त्याच्यासाठी नाही."

"मग त्या नटीपायी?"

"पाइप धर, नाहीतर बाजूला हो."

ओपल बाजूला झाली. पाइपची दुसरी बाजू ग्लॅडिसने स्वतःच फरफटत रस्त्याकडेच्या गटारात सोडली आणि पंप सुरू केला. सगळा दिवस ती खुर्ची टाकून त्याच्यापाशी बसली. कुणी जवळ आलं की हातातला पाना दाखवायची.

साडेचारला कंपनी परतली, तेव्हा तलावात गुडघाभर हिरवट पाणी होतं, आणि तळाशी बिअरचे डबे नि कुणाची तरी चप्पल.

मार्टीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, तुम्हाला कोर्टात खेचीन मी!"

"खेच."

दिग्दर्शकाने कलता उजेड बघितला, तलाव बघितला आणि एक शिवी हासडून गाडीत जाऊन बसला. कठड्यावर नायकाची लाल चड्डी घालून उभ्या असलेल्या ड्वाइटला कळायला थोडा वेळ लागला. मग तो दणादणा खाली उतरून तिच्यासमोर आला.

"माझं नाव येणार होतं! घरी सगळ्यांना फोन करून सांगितलंय मी!"

"परत कर फोन."

"जळकी म्हातारी! तुला आयुष्यात कुणाचं बरं बघवलं नाही ना?"

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते तिला दिसल्याचा त्याला आणखीच राग आला. त्याने तिची खुर्ची उचलून तलावात भिरकावली. दोस्तांनी टाळ्या वाजवल्या. ग्लॅडिस पाना घेऊन उभीच राहिली, तो गाडीत बसेपर्यंत.

सकाळी पाहिलं तर तलावाची खोल बाजू वीतभर वर आली होती आणि मधोमध तडा गेला होता. कंपनीने खटला भरला नाही, पण उरलेले पैसेही दिले नाहीत. पाय बरा झाल्यावर त्यांच्याच माणसाने दुसऱ्या मोटेलात ती उडी मारली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. सिनेमा लागल्यावर ओपल एकटीच बघून आली. सगळ्यात जास्त हशा त्या उडीलाच आला, असं तिने आल्या आल्या सांगितलं. ग्लॅडिस खोली मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं पत्र वाचत राहिली.

तलाव दुरुस्त होण्यासारखा नव्हता. पावसाळ्याआधी तिने त्यात वाळू भरून घेतली, वर फरशी टाकली. छपराखाली बादल्या तशाच राहिल्या. ओपल महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या मार्चात उन्हाने नाक सोललेला एक पोरगा ऑफिसात आला, मागे गाडीत पाच जण.

"स्विमिंग पूल कुठाय?"

"नाही."

"पूल नाही? मग इथे राहून करायचं काय माणसाने?"

"समोर अख्खा अटलांटिक आहे, तो पुरत नाही का तुला?" ग्लॅडिस खेकसली आणि रजिस्टर त्याच्यापुढे ढकललं. "चौघांची खोली आहे. तुला धरून सहा डोकी मोजलीत मी. दोघांना दुसरीकडे सोय बघायला सांग."

पोरगा काहीतरी पुटपुटला. ते तिला नीट ऐकू आलं. तिनेही तसलंच उत्तर दिलं, आणि तो सही करायला वाकला.