पत्र्याचे चौकोन

“अगं बिनिता, घर की शेत, असा घोळ घालत बसलीस तर पावसाळा येईल! छप्पर चमकलं की चौकोन काढ आणि पुढे हो!”

काठमांडूच्या कॉलेजातल्या हॉलमध्ये निर्जला तामाङ पोरापोरींच्या पाठी थोपटत फिरत होती. भूकंपाला आठवडाही झाला नव्हता. आकाशातून काढलेल्या जुन्या फोटोंवर घरं रेखायची, म्हणजे मदतवाल्यांना कुठे उतरायचं ते कळेल, एवढंच काम. तेही फुकटचं. पोरं रात्री तंबूत झोपायची, हादरा बसला की हॉलबाहेर पळायची आणि पुन्हा येऊन बसायची. त्यांना धरून ठेवायचं तर तोंड चालवावंच लागतं. निर्जलानं पैज लावली, सगळ्यात जास्त घरं काढेल त्याला पोटभर मोमो. मग काय, पोरं पेटलीच!

निर्जलाचं डोंगरातलं गाव बिनिताच्या वाट्याला आलं. काका-काकी तिथेच होते. बिनिताचं काम निर्जलानं वरवर पाहिलं. चौकोन भरपूर दिसले. तिचा जीव भांड्यात पडला.

रस्ता मोकळा झाल्यावर ती गावी पोचली. काका घराच्या ढिगाऱ्यापाशी कोऱ्या ताडपत्रीखाली बसले होते. एकटेच.

“हेलिकॉप्टर आलं होतं गं,” काका म्हणाले. “आम्ही हात हलवले, बोंबललो. आमच्या डोक्यावरून गेलं आणि पार वर, याकसारख्या चौरी गाईंच्या उन्हाळी गोठ्यांपाशी सामान टाकून आलं. तिथे चिटपाखरू नाही! जनावरं अजून खालीच होती. वाट कोसळलेली, गावातली पोरं ते घेऊन येईपर्यंत पाऊस झोडपून गेला. तुझी काकी भिजली, रात्रभर कुडकुडली. सकाळी उठलीच नाही.”

निर्जला त्यांच्याशेजारी बसली. वरच्या गोठ्यांवर पत्रे होते. गावातल्या घरांवर पाटीचा दगड, फोटोत शेतासारखाच करडा. आणि याच दगडाखाली वाढलेल्या तिला ते सुचू नये?

“काका, नकाशावर ते गोठे आम्हीच घरं म्हणून दाखवले. कॉलेजातल्या पोरांना मीच शिकवलं होतं तसं.”

काकांनी ताडपत्रीचं टोक दगडाखाली खोचलं.

“पोरांना सांगितलंस?”

“नाही अजून.”

“सांगू नकोस. हातपाय गळतील त्यांचे. पलीकडची गावं राहिलीत ना?”

“आणि तुम्ही, काका?”

“मला राग आलाय. फार आलाय. तू आज इथे राहू नकोस.”

ती उठली. खालच्या वळणावर रेंज आली आणि फोन वाजला. बिनिता होती.

“दीदी, हेलिकॉप्टर आपल्याच नकाशावरून गेलं म्हणे! सगळे नाचतायत इथे!”

“शाब्बास,” निर्जला म्हणाली. “आता नीट ऐक. नुसता पत्रा बघायचा नाही. करडी छपरं शोधायची, डोळे फुटेपर्यंत शोधायची. झालेली गावंसुद्धा पुन्हा बघायची.”

“का हो दीदी? आमचं काही चुकलं का?”

“नाही गं,” ती म्हणाली. “तुमचं काही चुकलं नाही.”