पाण्याला येणारा मोहाचा वास

माझ्या गळ्यातला दोरीचा फास. बुधरीबाईचं नाक. ओल्या बांबूची मोळी. कोलूची अडखळती चाल. कडक ऊन. माझी रोजची सोबत ही.

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो. वेलीवर वाळलेला, गर काढून पोकळ केलेला भोपळा. धानोऱ्याकडचा हा मुलूख चांदा जिल्ह्यात होता, तेव्हा मी लालसूच्या खांद्यावर लटकत असे. त्यानं माझ्यात मोहाची दारू भरली. चारचौघांत माझं कौतुक होई.

मग लालसूनं दारू सोडली आणि माझ्यात पाणी भरलं. मला ते खरं वाटेना. बांबू तोडून परतताना त्याची पावलं दारूच्या भट्टीच्या वाटेला वळली की मी मनात म्हणे, चालला प्यायला.

तो जाई, पण बांबूतोडीतला जोडीदार कोलू याला तिथून उठवून आणायला. कोलूचं म्हणणं एवढंच, लालसू न पिता राहिला तर मीही राहीन. रोज संध्याकाळी दोघं शेजारच्या बुधरीबाईपुढे बसत आणि ती त्यांची तोंडं हुंगे. हा नेम लालसूनंच घातला होता.

एके दिवशी उन्हानं माझ्या अंगात मुरलेला वास पाण्यात उतरला. बाईनं लालसूचं तोंड हुंगलं. मग माझं बूच काढून मला हुंगलं.

"मोहाचा वास येऊन राह्यला, लालसू."

"तुंबा जुना हाय, बाई. आत पानीच हाय."

"सारे असंच म्हनतेत. नवा काऊन नाई घेतला?"

"वेल पावसाळ्यात लागन, तवा नवा भेटन."

कोलू उठला. "तू पेला तं मी काऊन कोरडा राहू?" तो भट्टीकडे निघाला.

लालसूनं एका हातानं त्याला धरलं, दुसऱ्यानं मला बाईपुढे केलं. "हुंगू नको, बाई. पिऊन पाह्य."

"सांभाळजो बाई, तुले बी चढन," कोलू म्हणाला. पण थांबला.

बाईनं पहिला घोट तोंडात घोळवून थुंकला. दुसरा गिळला. 

"आज पानी हाय," ती म्हणाली. "उद्या बी आन."

कोलू खाली बसला आणि त्यानं तिच्यापुढे तोंड उघडलं.

मित्रांनो, वास माझा होता, संशय लालसूवर आला. तरी तो रागावला नाही. जुनं भांडं वासापायी फेकू नका. रोज धुवा, रोज उघडून दाखवा. माझा मात्र त्याच्यावर अजून पुरता विश्वास नाही.

बुधरीबाईचा नवरा इसरू नशेत नाल्यात बुडाला, त्या दिवशी त्याच्यासोबत लालसू प्यायला बसला होता. त्यानंतरच त्यानं दारू सोडली आणि तोंड हुंगायला तिलाच निवडलं.