बारा स्क्रूंचे दार

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि जुनेपणाची मला जराही लाज वाटत नाही. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, त्याच्याच कॅन्टीनमध्ये मी चोवीस वर्षे दूध सांभाळतो आहे. सुरुवातीला माझ्या पांढऱ्याशुभ्र रंगाचे कोण कौतुक! पुढे रंग उडाला, कौतुकही आटले. कॅन्टीनच्या मावशी तेवढ्या मला रोज पुसत.

गेल्या वर्षी नवा नियम आला. फ्रिजने वीज कमी खावी आणि बिघडलेला भाग साध्या हत्यारांनी बदलता यावा. कारखान्याचे नवे मॉडेल वीज कमी खात होते. पण सरकारकडून आलेल्या तपासनीसबाईंनी त्याच्या दाराचे रबर ओढून पाहिले, तर ते पक्के चिकटवलेले.

"रबर फाटलं की अख्खं दार फेकायचं का?" असे म्हणून त्यांनी मॉडेल नापास केले. काम थांबले. दोनशे माणसे हातावर हात ठेवून बसली.

ते मॉडेल बनवणारी इंजिनिअर मुलगी कॅन्टीनमध्ये डोके धरून बसली होती. मावशी तिच्यापुढे चहा ठेवून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "अगं, ह्याचं रबर मी दोनदा बदललंय."

"तुम्ही? मेकॅनिक नाही बोलावला?"

"चार स्क्रू फिरवायला मेकॅनिक कशाला?"

ती ताडकन उठली. "मावशी, मला उघडून बघू द्या ना!"

"बघ. पण दूध नासलं तर गाठ माझ्याशी आहे!"

माझे दार टेबलावर आडवे झाले, तेव्हा मला वाटले, आता संपलेच. उघडलेली किती यंत्रे तशीच भंगारात गेलेली मी पाहिली होती! पण रबराखाली चार नव्हे, चांगले बारा स्क्रू निघाले. तिने ते कागदावर उतरवून घेतले आणि दुपारच्या चहाआधी मला पुन्हा जोडले.

पंधरा दिवसांत नव्या मॉडेलच्या दारालाही तसेच स्क्रू बसले आणि तपासनीसबाई पुन्हा आल्या. इंजिनिअरने स्क्रू ड्रायव्हर थेट मावशींच्या हाती दिला. मावशींनी नव्या दाराचे रबर नऊ मिनिटांत बदलले. मॉडेल पास!

जाताना बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हा मात्र वीज फार खातो हो."

"खातो खरा," मावशी म्हणाल्या, "पण एक दिवस रजा मागितली नाही त्यानं."

पुढच्या महिन्यात माझ्या जागी ते नवे मॉडेल येईल. माझ्यातला गारवा देणारा वायू हवेत न सोडता नीट काढून घेतील, तांबे-लोखंड वेगळे करतील. मी समाधानाने जाईन. मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली तर फेकण्याआधी तिचे स्क्रू शोधा. आणि उद्या तुम्ही काही बनवाल, तेव्हा त्यात स्क्रू ठेवायला विसरू नका.