जयसिंगरावांचा हुंकार

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी रिहे गावात नादानंद महाराजांनी अँप्लिफायरवर उजवा तळहात टेकला आणि स्पीकरमधली गुणगुण थांबली. हात उचलला, सुरू झाली. पुन्हा टेकला, थांबली. धोंडाबाईंच्या ओसरीवर आणि अंगणात मिळून त्या वेळी दीडशेच्या आसपास माणसं बसली होती. पुढची चमत्कार बघायला उभी राहिली. त्यामुळे मागच्यांना काही दिसेना, म्हणून तीही उभी राहिली.

गुणगुण दोन वर्षांपासूनची. धोंडाबाईंचे यजमान जयसिंगराव गावच्या भजनी मंडळात गात. ते तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं गाणं मुलाने, निरंजनने, पेनड्राइव्हवर घालून ठेवलं होतं आणि धोंडाबाई ते रोज सकाळी ऐकत. वर्षश्राद्धाच्या दिवशी स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला तो थांबलाच नाही. गाणं लावलं की गाण्यावर चढून बसे. दोन दुकानदारांनी अँप्लिफायर तपासला. दुकानात ठणठणीत वाजे, घरी आणला की हूंऽऽ. शेवटी धोंडाबाईंनी गाणं लावणंच सोडलं. दिवस नेमका श्राद्धाचा, तेव्हा याचा अर्थ लावायला गावाला वेळ लागला नाही.

उरलेला अर्थ महाराजांनी लावला.

“माउली, हा विजेचा दोष नव्हे. हा हुंकार आहे. जयसिंगरावांचा प्राण या यंत्रात अडकला आहे. माझ्या स्पर्शाने तो क्षणभर विसावतो. कायमचा विसावा नादमंदिरातच.”

नादमंदिर रस्त्याकडेच्या पाच गुंठ्यांवर व्हायचं होतं. घरात वर्षाचा तांदूळ येतो तो याच खाचरातून. बक्षीसपत्र सोमवारी अकरा वाजता पौडला नोंदवायचं ठरलं होतं. सातबारा, आधार कार्ड आणि दोन फोटो एका कापडी पिशवीत घालून धोंडाबाईंनी ती खुंटीला लावून ठेवली होती.

महाराजांच्या कार्यक्रमाला शिस्त होती. आधी पाद्यपूजा. सेवक त्यांच्या पायांवर तीन तांबे पाणी ओततो, ते पुसत नाही. महाराज ओल्या पावलांनी ओल्या शहाबादी फरशीवर उभे राहतात. बाकी सगळ्यांना निळ्या प्लॅस्टिकच्या चटया. चटईबाहेर पाय टाकायचा नाही, सोवळं मोडतं.

“मुलाने पुढे यावं,” महाराज म्हणाले.

निरंजनने चटईवर उभं राहून हात लावला. हूंऽऽ चालूच.

“पित्याचा रोष आहे.”

शेजारच्या रंभाबाई आपण होऊन पुढे आल्या, चटईवरूनच वाकल्या. त्यांनाही हूंऽऽ.

“तुमच्या मनात शंका आहे, माई.”

“शंका न्हाई वो, गुडघा हाय. वाकता येत न्हाई नीट.”

लोक हसले. महाराजही हसले, पण थोडे उशिराने.

दहा चाळीसला गौतमी आल्या. त्या याच गावच्या. आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना शिकवतात, आणि खांद्यावरच्या झोळीत मीटर असतोच. त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. अँप्लिफायरकडे कमी, पायांकडे जास्त.

“महाराज, चटईवर उभं राहून एकदा हात लावता का?”

“आसन बदललं की ऊर्जा बदलते, ताई.”

“तेच बघायचंय.”

“साधकाची परीक्षा घेऊ नये. नाद रुसतो.”

“मग मी घेते की परीक्षा,” रंभाबाई म्हणाल्या, आणि कुणी काही बोलायच्या आत चटईवरून उतरून, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून त्यांनी तळहात टेकला.

गुणगुण थांबली.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, “रंभामावशी सिद्ध झाली.”

“अगं बया. आता हात काडू का ठिवू?”

“काढा आधी,” गौतमी म्हणाल्या. “मावशी, हाताला मुंग्या येतायत ना?”

“व्हय. मला वाटलं प्रसाद हाय.”

रंभाबाईंच्या पाया पडायला दोन पोरी वाकल्याही होत्या. त्यांनी पाय मागे घेतले, “गुडघा हाय म्हनलं ना.”

गौतमींनी सगळ्यांना लांब उभं केलं. मीटरची एक टोचणी अँप्लिफायरच्या लोखंडी पेटीला लावली, दुसरी लांब वायरीने अंगणातल्या हापशीला. आकडा आला चौऱ्याण्णव व्होल्ट. मग मीटर काढला आणि पेटीचा स्क्रू साध्या तारेने थेट हापशीला जोडला.

गुणगुण थांबली, आणि थांबलेलीच राहिली.

“म्हंजी हापशी महाराजांपेक्षा मोठी,” एक म्हातारा म्हणाला.

“हापशी पाय धुऊन मागत न्हाई,” दुसरा म्हणाला. यानंतर दोन-तीन मिनिटं कुणाचंच कुणाला ऐकू येईना. एक बाई हसता हसता चटईवरच बसली.

“काकू, ऐका,” गौतमी धोंडाबाईंना म्हणाल्या. “घरातल्या दिव्यांची, इन्व्हर्टरची, चार्जरची थोडी थोडी वीज गळत असते. ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते. ती वाट बंद झाली की सगळी गळती अर्थिंगच्या तारांमधून घरातच फिरते, पेटीत शिरते आणि स्पीकरमधून गुणगुणते. दुकानात अर्थिंग धड आहे, म्हणून तिथं गुणगुणत नाही. ओल्या पायाचा माणूस पेटीला शिवला की त्याचं अंगच तार होतं. चटईवर उभ्या माणसाचं होत नाही. आणि पेटीच्या आत उद्या एखादी वायर सुटली, तर शिवणारा माणूस जागेवर मरेल. करून बघायची गोष्ट नाही ही.”

“पण वाट बंद कुनी केली?” धोंडाबाईंनी विचारलं.

निरंजन अंगणातल्या सिमेंटच्या ब्लॉककडे बघत होता. “जस्ती तार होती ना, भितीवरनं खाली गेलेली?”

“तीच,” गौतमी म्हणाल्या.

“श्राद्धाला मांडव घालायचा होता. आदल्या दिवशी अंगणात ब्लॉक बसवले. पाव्हण्यांच्या पायात येईल म्हणून ग्राइंडरनं कापली मी ती. मला वाटलं, काईच करत न्हाई ती.”

“बापाचा रोष,” रंभाबाई म्हणाल्या. “ग्राइंडरवर असंल.”

“नाद शांत झाला, हे आमच्या आगमनाचंच फळ,” महाराजांनी जाहीर केलं.

“पाय पुसून या,” गौतमी म्हणाल्या, “मग बोलू.”

महाराज पाय पुसायला गाडीकडे गेले. गाडी अकरा वाजून पाच मिनिटांनी सुटली. चटया राहिल्या.

मग धोंडाबाईंनी पेनड्राइव्ह लावायला सांगितलं. टाळ स्वच्छ वाजले, पखवाज वाजला, आणि दोन भजनांच्या मधे, दोन वर्षं गुणगुणीखाली दबलेला जयसिंगरावांचा आवाज आला: “अगं, चा ठेव मंडळींना. आन साखरच घाल. मागल्या बारीला मीठ पडलं हुतं.”

दीडशे माणसांनी धोंडाबाईंकडे पाहिलं.

“एकदाच पडलं हुतं,” त्या स्पीकरला म्हणाल्या. पदराने डोळे पुसले, उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली आणि सातबारा ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. मग चहा ठेवला.

सोमवारी त्या पौडला गेल्या नाहीत. दुपारी गौतमींनी निरंजनकडून अंगणातले ब्लॉक उचकटून घेतले, खड्डा काढून नवी अर्थिंग केली, हापशीची तार सोडवली. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “कारण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. मग माहीत असलेल्याला बोलवा, मोजून घ्या. सही-अंगठा सगळ्यात शेवटी.” लोकांनी माना डोलावल्या.

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता हापशीच्या दांड्याला हळदकुंकू आणि पायथ्याशी फोडलेला नारळ आढळला. चौकशी केली असता रंभाबाईंनी वाकता न येणाऱ्या गुडघ्याचं कारण सांगितलं. नारळ कुणी फोडला, ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.