देवानं घोडा सोडला

जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात त्या दिवशी सोयाबीनच्या भावापेक्षा देवाच्या चालीची चर्चा जास्त होती. पत्र्याच्या मंडपात लाल मखमल पांघरलेलं टेबल, टेबलावर बुद्धिबळाचा पट, पटाच्या अलीकडे रामजी महाराज आणि पलीकडे कुणीच नाही. महाराजांनी भक्ताच्या वतीनं पांढरं प्यादं सरकवलं की देव जरा विचार करायचा, आणि मग समोरचं काळं प्यादं आपोआप पुढं यायचं. ना हात, ना दोरा. बाया हात जोडायच्या. माणसं आधी चपला काढायची, मग मोबाइल.

"बोला, पटेश्वर भगवान की जय!" महाराज गरजले. "अरे, मोठमोठे कंप्युटरवाले हात टेकून गेले! भगवान हजार चाली म्होरं बघून राहिले!"

"चार," गर्दीत मागे उभे असलेले विश्वंभर सर पुटपुटले. "चारच बघतो."

त्यांना ठाऊक असणारच. देव त्यांनीच लिहिला होता. वसमतला त्यांचा कंप्युटर क्लास. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम तयार केला, पटाखाली समोरची चाल ओळखणारे सेन्सर लावले, टेबलाच्या पोटात सरकतं लोहचुंबक बसवलं आणि सोंगट्यांच्या बुडाला लोखंडी चकत्या चिकटवल्या. परीक्षक "छान" म्हणाले आणि चहाला गेले. पुढे रामजी ते टेबल 'आश्रमातल्या लेकरांना शिकवायला' म्हणून मागून घेऊन गेला. लेकरं सरांना कधी दिसली नाहीत. मखमल दिसली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण परीक्षकांनी ज्याच्याकडे धड पाहिलंही नाही, त्याच्यापुढे आता माणसं दंडवत घालत होती. सरांना वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं चांगलं. म्हणून ते दर बाजारी यायचे आणि मागे उभे राहून आपल्या चालीला सुटणारे उसासे ऐकायचे.

आज पुढं बसल्या होत्या हट्टा गावच्या आशाबाई. त्यांची सृष्टी सरांच्याच क्लासला येई. शाळकरी पोरगी, त्यात साखरेचा आजार. इन्सुलिनची सुई रोज ठरलेली.

"महाराज, लेकराला जलमभर टोचायचं का? देवाला इचारा."

महाराजांनी भराभर चाली केल्या. देवानंही केल्या. आणि मग काळा घोडा सरकत सरकत पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी जाऊन उभा राहिला. फुकट.

"देवानं घोडा सोडला!" महाराजांचा गळा दाटून आला. तो दर बाजारी नेमका इथंच दाटायचा. "बाई, देवानं आपलं जित्राब सोडलं. आता तूबी सोड. तुझ्या घरात टोचणारं काय हाय?"

"सुई?"

"मी बोललो का? तूच बोलली! देवानं वदवलं!"

घोडा का गेला हे मंडपात एकट्या सरांना कळत होतं. प्रोग्रॅमला चार चालींपलीकडे दिसत नाही. आपला वजीर अडकलाय, जाणार, असं दिसलं की तो मधेच घोडा फेकतो. घोडा मारण्यात चाली जातात, वजिराचं मरण नजरेच्या पलीकडं ढकललं जातं, आणि दिसेना म्हणजे टळलं, असं तो धरून चालतो. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची अक्कल. ही खोड सरांना केव्हाच सापडली होती. दुरुस्त करू, म्हणता म्हणता राहून गेली.

भरल्या मंडपात कसं बोलायचं? संध्याकाळी आशाबाईंच्या घरी जाऊन सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी क्लासची बॅच होती. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याकडे साखरपुडा होता. तिसऱ्या दिवशी कळलं, सृष्टी बेशुद्ध पडली, दवाखान्यात नेली.

सर गेले. काचेतून नळ्या लावलेली पोरगी पाहिली. दारापाशी बसलेल्या आशाबाई म्हणाल्या, "सर, तुमी आले, लई बरं केलं."

पुढच्या बाजारी ते मागे उभे राहिले नाहीत. सरळ पटासमोर जाऊन बसले.

"महाराज, आज चाली मी करतो." त्यांनी महाराजांचाच नेहमीचा डाव सुरू केला आणि मोठ्यानं म्हणाले, "आता देवाचा उंट येईल."

उंट आला.

"आता वजीर बाहेर पडेल."

वजीर बाहेर पडला.

"आता घोडा सोडेल."

घोडा सुटला. मग रुख्मिणीबाई नावाची एक म्हातारी उठली आणि तिनं सरांच्या पायावर डोकं ठेवलं. "माय माय! ह्यो तर देवाच्या मनातलं वळखतो. महाराजापरीस मोठा!" मागं लगोलग रांग लागली.

सरांनी पाय आखडून घेतले. हेच तर आपल्याला हवं होतं, हे आठवून ते जास्तच पोळले.

"मावशी, उठा. तुमी बसा हितं. मी सांगतो तशा सोंगट्या सरकवा. पण देवाला काही विचारू नका. मनातसुद्धा नाही."

"कायबी न्हाई?"

"कायबी न्हाई."

डाव नव्यानं मांडला. म्हातारीनं सांगितल्या तशा चाली केल्या. देवानं घोडा सोडला.

"मावशी, देवानं तुमाला काय सोडायला सांगितलं?"

"मी तर काय इचारलंच न्हाई, बाबा."

"मग उत्तर कुणाला दिलं?"

रुख्मिणीबाईनं घोड्याकडं पाहिलं, मग महाराजांकडं. "काहून रे रामजी? न इचारता उत्तर?"

"पाखंड! देवाची परीक्षा पाहता—"

सरांनी मखमल ओढली. आत बॅटरी, वायरी, लोहचुंबकाचा सरकता हात, आणि फळीवर प्रदर्शनाची चिठ्ठी, सरांच्या नावासकट.

"हे मी केलंय. त्याच चाली दिल्या की ते तेच उत्तर देतं, कुणालाही, कधीही. महाराजांना बुद्धिबळ येत नाही, त्यांनी एक डाव पाठ केलाय. घोडा जातो तो माझ्या कामातली चूक म्हणून. देवाची इच्छा म्हणून नाही."

गलका उठला. महाराज मागच्या बाजूनं सटकले. घाईत दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला घालून.

मंडपाच्या खांबाला धरून आशाबाई उभ्या होत्या. पोरगी वाचली होती, कालच घरी आणली होती.

"सर, हे तुमाला कवापासून ठाऊक व्हतं?"

"पहिल्यापासून."

"मी सुई म्हणले तवा तुमी हितं व्हते?"

"व्हय. मागं उभा होतो."

"मंग बोलले काहून न्हाई?"

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. सर गर्दीकडं वळले.

"आजार झाला तर डॉक्टरकडं जा. औषध नको वाटलं तर तेही डॉक्टरलाच विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, मग तो महाराज असो, यंत्र असो की मी असो, तर आधी विचारा, हे कसं होतं? मखमल वर करून दाखव म्हणा. देव असेल तर त्याचा अपमान होत नाही." त्यांनी आशाबाईंकडं पाहिलं. "आणि ज्याला ठाऊक आहे असा कुणी मागं गप्प उभा असेल, तर त्यालाही पुढं ओढा."

आशाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "पोरीच्या सुईची येळ झाली," म्हणाल्या, आणि सरांकडं न बघता हट्ट्याच्या गाडीकडं निघाल्या.